बेकारी, कर आणि गाव : राळेगणसिद्धीच्या अनुभवावरून एक अभ्यास

बेकारास काम मिळवून देण्यासाठी शासनाजवळ जी साधने असतात, त्यांत कर हे एक महत्त्वाचे साधन आहे. कर म्हणजे तिजोरीत पैसा जमा करण्याचा मार्ग, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु कर बसवून जसे एखादे कार्य साधता येते, तसेच तो सोडून देऊनही साधता येते. जो उद्योजक नवी माणसे कामावर घेईल त्याला करात सूट द्यावयाची, हा एक मार्ग. ज्यांना नियमित उत्पन्न आहे त्यांच्याकडून थोडा कर घ्यावयाचा आणि त्या पैशातून काम नसलेल्यांना काम द्यावयाचे, हा दुसरा मार्ग. पहिला मार्ग केंद्र शासनाच्या आयकर कायद्यात १९९८ पासून आहे. दुसरा मार्ग महाराष्ट्राने त्याच्या कितीतरी आधी, १९७५ मध्ये, स्वीकारला.

हे दोन्ही मार्ग कोठवर जातात आणि कोठे थांबतात, हे समजून घेण्यास अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव फार सोयीचे आहे. गाव शेतीवर जगणारे, अवर्षणप्रवण प्रदेशातील. त्याच तालुक्यात पुणे–अहिल्यानगर मार्गावर सुपा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र उभे आहे. म्हणजे करसवलतीला पात्र ठरणारा कारखानदार आणि त्या सवलतीशी काहीच संबंध नसलेला शेतकरी, हे दोघेही एकाच तालुक्यात भेटतात.

करसवलतीचे स्वरूप

नवीन कामगार नेमणाऱ्या व्यवसायास आयकरात वजावट देणारी तरतूद आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ८०-जेजेएए म्हणून १९९८ च्या वित्त अधिनियमाने घालण्यात आली. आरंभी तिचे क्षेत्र मर्यादित होते. माल तयार करणाऱ्या भारतीय कंपन्यांनाच ती लागू होती आणि कामगारांची संख्या शंभरापेक्षा अधिक असणे आवश्यक होते. कंत्राटदारामार्फत घेतलेले व नैमित्तिक कामगार तीतून स्पष्टपणे वगळलेले होते. २०१५ मध्ये शंभराची अट पन्नासवर आणण्यात आली. २०१६ च्या वित्त अधिनियमाने ही अट काढून टाकून संपूर्ण कलमच नव्याने लिहिण्यात आले. १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिनांक असलेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही ही वजावट ठेवण्यात आली आहे.

२०१६ नंतरच्या तरतुदीचा गाभा असा : ज्या व्यवसायाच्या हिशेबाची आयकर कायद्यान्वये लेखापरीक्षा होते, त्याने मागील वर्षाच्या अखेरीस असलेल्या संख्येपेक्षा अधिक माणसे नेमली, तर त्या वाढीव माणसांच्या वेतनखर्चाच्या ३० टक्के इतकी जादा वजावट त्याला सलग तीन वर्षे मिळते. प्रत्यक्ष वेतन हा खर्च म्हणून वजा होतोच. ही वजावट त्याहून वेगळी आहे. मात्र तिला पुढील अटी आहेत.

एक, कामगाराचे मासिक वेतन २५,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. दोन, त्याने वर्षात किमान २४० दिवस काम केलेले असावे. तयार कपडे, पादत्राणे व चर्मवस्तू या उद्योगांत १५० दिवस पुरतात. तीन, तो मान्यताप्राप्त भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असावा. चार, वाढीव वेतन रोखीने न देता बँकेमार्फत दिलेले असावे. पाच, व्यवसाय जुन्याच व्यवसायाचे तुकडे पाडून किंवा फेररचना करून उभा केलेला नसावा. सहा, सनदी लेखापालाचा अहवाल सादर केलेला असावा.

या अटी वरवर तांत्रिक वाटतात. परंतु प्रत्येक अटीमागे एक विचार आहे. दहा जुने काढून दहा नवे घेणाऱ्यास काही मिळू नये, म्हणून संख्यावाढ पाहिली जाते. नोकरी कागदावरची नसावी, म्हणून बँक व भविष्यनिर्वाह निधी यांची नोंद मागितली जाते. दोन महिन्यांसाठी माणसे घेऊन सवलत उपटू नये, म्हणून दिवसांची अट आहे. कामगार वर्षाच्या उत्तरार्धात लागला आणि त्या वर्षी त्याचे २४० दिवस भरले नाहीत, तरी पुढील वर्षी ते भरल्यास तो त्या वर्षी नेमला गेला असे मानले जाते. त्यामुळे उशिरा भरती करणाऱ्याचेही नुकसान होत नाही.

सवलतीचा हिशेब

ही सवलत किती मोठी आहे, हे आकड्यांनी पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, एका कारखान्याने दरमहा १५,००० रुपयांवर दहा वाढीव कामगार वर्षभरासाठी नेमले. वाढीव वेतनखर्च १८ लाख रुपये झाला. त्याच्या ३० टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार रुपयांची जादा वजावट मिळाली. कराचा दर २५ टक्के धरल्यास, अधिभार व उपकर सोडून, वर्षाला १ लाख ३५ हजार रुपयांचा कर वाचला. म्हणजे एका कामगारामागे वर्षाला १३,५०० रुपये, अथवा महिन्याला १,१२५ रुपये. वेतनाच्या मानाने हे प्रमाण साडेसात टक्के भरते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या कारखानदाराजवळ मालाला मागणी नाही, तो साडेसात टक्क्यांसाठी माणूस नेमणार नाही. ज्याला मागणी आहे आणि यंत्र घ्यावे की माणूस घ्यावा, आज घ्यावा की सहा महिन्यांनी, अशा विचारात जो आहे, त्याचे पारडे मात्र या सवलतीने माणसाकडे झुकू शकते. करसवलत काम निर्माण करीत नाही. निर्माण होऊ घातलेल्या कामाला ती हात देते.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. मुंबई–ठाणे–पुणे या पट्ट्याबाहेर उद्योग जावेत यासाठी राज्याने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबविली. विक्रीकरातील सवलत हा तिचा दीर्घकाळ प्रमुख भाग होता. परंतु सवलतीचे माप सर्वसाधारणपणे जमीन, इमारत व यंत्रसामग्री यांतील भांडवलावरून ठरत असे. जितकी यंत्रे अधिक, तितकी सवलत अधिक. मागास भागात कारखाने गेले हे खरे, पण एका रुपयाच्या सवलतीमागे किती हातांना काम मिळाले, हा प्रश्न त्या मापात सरळ विचारला जात नव्हता. वेतनावर आधारलेली वजावट तो प्रश्न विचारते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेने हा प्रयोग बराच आधी केला. १९७७ व १९७८ या दोन वर्षांसाठी तेथे एकूण नोकरवर्ग वाढविणाऱ्या व्यवसायांना करात सूट देण्यात आली. त्यानंतर धोरण बदलले. केवळ संख्या न पाहता कोणाला काम दिले, हे पाहण्यास सुरुवात झाली. १९९६ मध्ये आलेल्या ‘वर्क ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट’ या योजनेत काम मिळण्यास विशेष अडचण असलेले गट निश्चित करण्यात आले. २७ आठवडे वा अधिक काळ बेकार असलेल्यांचा त्यात २०१६ पासून समावेश झाला. अशा व्यक्तीच्या पहिल्या वर्षीच्या ६,००० डॉलरपर्यंतच्या वेतनावर कमाल ४० टक्के, म्हणजे २,४०० डॉलरपर्यंत करात सूट मिळे. या योजनेस देण्यात आलेली मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती.

या अनुभवातून एक प्रश्न सतत पुढे आला : सवलत नसती तरी तो मालक तो माणूस घेणारच होता काय? घेणारच असेल, तर सोडून दिलेला कर वाया गेला. नसेल, तर थोड्या करात एका कुटुंबाची वर्षाची भाकरी सुटली. आपल्याकडील आयकर वजावटीत संख्यावाढीची अट आहे, परंतु नेमलेला माणूस आधी बेकार होता की नव्हता, हे पाहिले जात नाही. एका कारखान्यातून दुसऱ्यात गेलेला कुशल कामगारही तीत मोजला जातो. या उणिवेचे भान ठेवूनच तिचे मूल्यमापन केले पाहिजे.

सवलत गावात का पोचत नाही

आता हीच सवलत घेऊन राळेगणसिद्धीसारख्या गावात जावे. तेथे काम देणारा कोण? मुख्यतः शेतकरी. परंतु शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. ज्याला करच द्यावा लागत नाही, त्याला करात सूट ती कोणती देणार? कांदा काढणीसाठी वीस मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यास या वजावटीचा काडीचाही उपयोग नाही. गावातील किराणा दुकानदार, पीठगिरणीवाला, सुतार यांच्या हिशेबाची सहसा लेखापरीक्षा होत नाही. म्हणून तेही बाहेर राहतात. हंगामी मजुराचे एका मालकाकडे २४० दिवस भरत नाहीत आणि मजुरी बहुधा रोखीने दिली जाते.

करसवलत जेथे करदाता आहे तेथेच पोचते. जेथे बेकारी सर्वांत दाट असते, अशा कोरडवाहू गावात करदाता मालक विरळाच. १९७० च्या दशकातील राळेगणसिद्धीची हीच स्थिती होती. पाऊस कमी व बेभरवशाचा, विहिरी उन्हाळ्यात कोरड्या, शेतीतून वर्षाचे धान्य निघणे कठीण. लोक कामासाठी गावाबाहेर जात. गावात जो धंदा जोरात चालला होता तो हातभट्टीचा. अशा गावाला कोणत्याही करसवलतीने एकही नोकरी मिळाली नसती.

महाराष्ट्राचा मार्ग : व्यवसाय कर

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने स्वीकारलेला दुसरा मार्ग समजून घेतला पाहिजे. काम मागणाऱ्यास काम देण्याची हमी असावी, हा विचार विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडला आणि सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये रोजगार हमी योजनेस प्रारंभ झाला. त्याच सुमारास राज्यावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. दुष्काळ ओसरल्यावर योजनेला कायम स्वरूपाचा पैसा कोठून आणावा, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर म्हणून १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू करण्यात आला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून हा कर घेतला जाऊ लागला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखून ठेवण्यात आले. मोटार वाहने, विक्रीकर, बागायत जमीन इत्यादींवरील जादा आकारणीचीही त्यात भर पडली. या करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालावयाची, असे ठरले. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. नोंदणी केलेल्या ग्रामीण प्रौढाने काम मागितल्यास पंधरा दिवसांत काम मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा, आणि स्त्री-पुरुषांना कामाच्या मापाप्रमाणे सारखी मजुरी मिळावी, ही तत्त्वे त्यात आली. शहरात पगार घेणाऱ्याच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातील बेकाराच्या हातात मजुरी म्हणून पडावा, अशी ही योजना होती.

व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती; १९८८ मध्ये २,५०० रुपये झाली. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. २,५०० रुपये ही रक्कम लहान वाटते. परंतु राज्यात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने एका नोकरदाराचा वर्षाचा कर म्हणजे एका मजुराचे आठ दिवसांचे काम. वर उदाहरणात दिलेले १३,५०० रुपये म्हणजे त्रेचाळीस दिवसांची मजुरी. करसवलत व कर यांची तुलना अशा एकाच मापाने केली, तर प्रत्येक रुपया कोठे अधिक उपयोगी पडतो, याचा विचार करता येतो. त्रेचाळीस दिवसांच्या मजुरीइतक्या करात खरोखरीच वर्षाची नोकरी उभी राहत असेल, तर ती सवलत स्वस्त आहे. तीच नोकरी सवलतीवाचूनही मिळणार असेल, तर तेवढे मानवी दिवस गमावले.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला मिळाला. त्या कायद्याने शंभर दिवसांची हमी दिली. त्याची जागा घेणारा, १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला.

राळेगणसिद्धी : मजुरीतून मालमत्ता

केवळ मजुरी वाटल्याने बेकारी जात नाही. खड्डा खणला, मजुरी मिळाली, आणि पुढील वर्षी पुन्हा तोच खड्डा, असे झाले तर कर संपतो व बेकार तसाच राहतो. राळेगणसिद्धीचे महत्त्व येथे आहे.

१९७५ मध्ये सैन्यातील सेवेनंतर अण्णा हजारे गावी परतले. प्रथम यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि त्यानिमित्ताने गाव एकत्र आले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या द्वारे चालविलेले काम आदर्श म्हणून समोर होते. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही गावाने स्वीकारलेली सूत्रे. पाझर तलाव, नाला बांध, समतल चर, वृक्षलागवड अशी कामे शासकीय योजनांचा पैसा आणि ग्रामस्थांचे श्रमदान यांच्या मेळातून उभी राहिली. पाणी जमिनीत मुरले, विहिरींना पाणी आले. पाणी वाढले तरी उसासारखी पाणी पिणारी पिके टाळण्यात आली. कडधान्ये, तेलबिया, भाजीपाला व कांदा यांवर भर राहिला. दुधाचा जोडधंदा वाढला. ज्यांना धान्य कमी पडते त्यांच्यासाठी गावाने धान्यबँक उभारली.

रोजगाराच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय? पूर्वी जमिनीचा धनी स्वतःच मजूर होऊन बाहेर जात होता. पाणी आल्यावर त्याच्या स्वतःच्या शेतात वर्षातील अधिक दिवस काम निघाले. आणि लावणी–काढणीच्या वेळी त्याला इतरांना कामावर बोलवावे लागले. बेकार मनुष्य काम देणारा झाला. कोणत्याही सवलतीने घडले नसते ते पाणी अडविण्याच्या मजुरीने घडले.

हेच सूत्र राज्य पातळीवर १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजनेत आले. सार्वजनिक कामावरची मजुरी शेतकऱ्याच्या बांधावर गेली आणि डाळिंब, बोर, आंबा यांच्या बागा उभ्या राहिल्या. बाग उभी राहिली की छाटणी, तोडणी व प्रतवारी यांचे काम दरवर्षी निघते. १९९२ मध्ये शासनाने राळेगणसिद्धीच्या धर्तीवर आदर्श गाव योजना सुरू केली.

सवलतीची आणि गावाची गाठ

आता चित्र बदलले आहे. गावातील शिकलेल्या मुलास केवळ शेतावर काम पुरे पडत नाही. सुपा येथील कारखाने जवळ आहेत. येथे पहिला मार्ग, म्हणजे सवलतीचा मार्ग, पुन्हा महत्त्वाचा ठरतो. केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेली, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना या नावाची, ९९,४४६ कोटी रुपयांची योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांना लागू आहे. ती करसवलत नसून रोख प्रोत्साहन आहे. प्रथमच भविष्यनिर्वाह निधीत नाव लागणाऱ्या कामगारास १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या व दुसरा बारा महिन्यांच्या सेवेनंतर. मालकास प्रत्येक वाढीव कामगारामागे दरमहा कमाल ३,००० रुपये दोन वर्षे, आणि वस्तुनिर्माण उद्योगात चार वर्षे मिळू शकतात. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्याने किमान दोन, व त्याहून मोठ्याने किमान पाच वाढीव माणसे नेमणे व ती सहा महिने टिकवणे आवश्यक आहे.

आयकर वजावट असो वा हे प्रोत्साहन, दोन्हींचा उंबरठा एकच आहे : भविष्यनिर्वाह निधीतील नोंद. ज्या तरुणाचे आधार, बँक खाते व शाळेच्या दाखल्यावरील नाव जुळत नाही, त्याची नोंद अडते. नोंद अडली की मालकाला त्याच्यामागे काही मिळत नाही, आणि तो दुसरा माणूस पाहतो. रोखीने मजुरी घेऊन कागदाबाहेर राहिलेला कामगार सवलतीच्या हिशेबात नसतोच. म्हातारपणी त्याला निवृत्तिवेतनही नसते.

कोणी काय करावे

यावरून प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. ग्रामपंचायतीने दोन याद्या स्वतंत्र ठेवाव्यात. गावातच काम हवे असलेल्यांची एक. त्यांच्या मागणीचे अर्ज नमुना ४ मध्ये वेळेवर भरून घेऊन दिनांकाची पोच द्यावी, कारण पंधरा दिवसांची मुदत त्या दिनांकापासून मोजली जाते. कारखान्यात जाऊ इच्छिणाऱ्यांची दुसरी. त्यांचे कागदपत्र तपासून दुरुस्त करून घ्यावेत. कामांची निवड करताना पाणी व माती यांच्या कामांस अग्रक्रम द्यावा, म्हणजे आजची मजुरी उद्याच्या कामाचे बीज ठरेल.

शिक्षकांनी शाळा सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या दाखल्यावरील नाव व जन्मदिनांक अचूक आहे याची खात्री करावी, आणि वेतनपत्रक, बँक खाते व भविष्यनिर्वाह निधी म्हणजे काय, हे वरच्या वर्गांत एकदा तरी समजावून द्यावे. अधिकाऱ्यांनी औद्योगिक क्षेत्रातील लहान कारखानदारांपर्यंत सवलतीच्या अटी सोप्या भाषेत पोचवाव्यात; ज्याला अट ठाऊक नाही, त्याच्या निर्णयावर सवलतीचा परिणाम होत नाही.

कर सोडून देणे काय किंवा कर घेणे काय, दोन्हींत खर्च होतो तो जनतेचाच पैसा. सवलत कारखान्याच्या दारापर्यंत नेते, हमी गावच्या शिवारापर्यंत. ज्या गावात दोन्हींची नोंद नीट ठेवली जाते आणि शिवारातील काम पाण्याच्या रूपाने टिकून राहते, तेथे हा पैसा पुढील पिढीलाही काम देतो.